ही रेघ कोणाची?

तात्यांनी स्क्रीनवर बोट टेकवलं. बोटाला चुना होता. निळी रेघ जिथं संपत होती तिथं, लॅपटॉपच्या काचेवर, एक पांढरा ठिपका उमटला. "हे पाणी शेवटी वर कामून चढायलंय?" त्यांनी विचारलं.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण उत्तर नव्हतं. ती रेघ मी दोन महिने बघत होते. कॉलेजातल्या सहकाऱ्यांना दाखवली होती. एका कार्यशाळेत पडद्यावर टाकून तिच्यावर वीस मिनिटं बोलले होते, टाळ्याही पडल्या होत्या. वर चढणारं ते टोक तिथं सगळ्यांनी पाहिलं होतं. "शेवटी शेवटी गाव सावरतं," असं मीच जरा भारावून म्हणाले होते. आणि आता अंबड तालुक्यातल्या आमच्या घराच्या ओसरीवर, मे महिन्यातली संध्याकाळ, लाईट गेलेली, लॅपटॉप बॅटरीवर, आणि सातवीपर्यंत शिकलेल्या माझ्या चुलत्यांना ते टोक पटत नव्हतं.

"पाऊस वाढला का तुझ्या गावात?"

"नाही."

"लोकांनी बोअर बंद केले?"

"नाही, तात्या."

"मग?"

'तुझ्या गावात' म्हणजे कॉम्प्युटरमधल्या. त्या गावाबद्दल आधी सांगायला हवं.

मी छत्रपती संभाजीनगरात एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. पेपर तपासून, घरचं आवरून जो वेळ उरतो त्यात गेली चार वर्षं मी एक खोटं गाव चालवतेय. त्यात ४८ विहिरी आहेत आणि ४८ शेतकरी. प्रत्येकाला थोडी जमीन, थोडे पैसे, थोडं कर्ज आणि दोन-चार नियम दिलेत. विहीर आटली आणि खिशात पैसे असले तर खोल जायचं. शेजाऱ्याच्या बोअरला पाणी लागलं तर आपणही मारायचा. दोन वर्षं बरी गेली की मोसंबी लावायची, दोन वर्षं वाईट गेली की तोडायची. पाऊस मी ठरवत नाही, तो सोडतीच्या चिठ्ठीसारखा निघतो. एकेक महिना पुढं ढकलत वीस वर्षं हे गाव चालवायचं आणि कोणत्या महिन्यात किती विहिरींना पाणी होतं ते लिहून ठेवायचं.

याला एजंट-बेस्ड सिम्युलेशन म्हणतात. आईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिला वाटलं मी विम्याचं काम धरलं. "कॉलेजाचा पगार पुरत नाही का गं?" म्हणाली. इथला एजंट म्हणजे आपापल्यापुरतं बघणारा आणि आपापल्यापुरतं ठरवणारा एकेक जण, एवढंच. सगळ्या गावाचं मिळून काय होईल याचं समीकरण कुठंही लिहिलेलं नसतं. ते या सगळ्यांच्या ठरवण्यातून आपोआप बाहेर येतं, आणि बऱ्याचदा कोणाच्याही मनात नसलेलं काहीतरी येतं. थॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञानं १९७१ मध्ये छापलेल्या लेखात हे दाखवलं होतं. त्याचा सुरुवातीचा खेळ तर चौकटी आखून त्यावर दोन प्रकारची नाणी मांडून चालला होता. आपल्या शेजारी निदान एक-तृतीयांश लोक आपल्यासारखे असावेत, एवढीच प्रत्येक नाण्याची मागणी. तेवढ्यानंही काही वेळात पट फाटून दोन वस्त्या वेगळ्या होतात. कोणालाही तसं फाटलेलं गाव नको असतं, तरी होतं. पुढं २००५ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

मी वापरते ते नेटलोगो नावाचं सॉफ्टवेअर. उरी विलेन्स्की यांनी १९९९ मध्ये काढलं, फुकट आहे, आणि शाळेतल्या पोरांनाही जमावं अशा बेतानं केलेलं आहे. त्यात एजंटाला टर्टल म्हणतात, जुन्या लोगो भाषेतल्या कासवावरून. म्हणजे कर्ज काढून बोअर मारणारी कासवं. पहिल्या वर्षी मला याचं फार हसू यायचं.

गावाला एक मोठी टाकी धरलं असतं तर हा खटाटोप लागला नसता. इतकं आलं, इतकं उपसलं, इतकं उरलं, चार ओळींचं गणित. पण आपल्याकडचं पाणी टाकीत नसतं. खाली बेसॉल्ट. वरच्या मुरमात आणि झिजलेल्या खडकात पाणी मुरतं, त्याच्या खाली जिथं फटी असतील तिथंच जातं, घट्ट कातळात जात नाही. पंधरा पावलांवर दोन बोअर, एकाला दोन इंच पाणी आणि दुसऱ्यातून नुसता फुफाटा, हे ज्यानं पाहिलं नाही असा माणूस आमच्या भागात सापडायचा नाही. पाणाड्या हातात कडुलिंबाची फांदी घेऊन पॉइंट दाखवतो त्याला मी हसत नाही. माझ्याही मॉडेलात खडकातल्या फटी सोडतीनंच पडतात.

कायद्यात मात्र नेमके आकडे आहेत. १९९३ च्या भूजल कायद्यात गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदायला मनाई होती. २००९ च्या कायद्यानं ६० मीटरच्या पुढच्या विहिरीला 'खोल विहीर' असं नाव देऊन तिच्यावर बंधनं घातली. ६० मीटर म्हणजे दोनशे फुटांच्या जरा आत. दोनशे फुटांवर थांबलेला बोअर मी आमच्या शिवारात पाहिलेला नाही.

तर दोन विहिरींमध्ये किती अंतर ठेवायचं याचे पाच पर्याय, मोसंबीखाली किती क्षेत्र याचे चार, कर्ज किती सहज मिळतं याचे तीन. मिळून साठ प्रकारची गावं झाली. आणि पाऊस सोडतीचा असल्यामुळे एकेक गाव एकदाच चालवून भागत नाही. प्रत्येक प्रकार शंभरदा चालवायचा, दर वेळी चिठ्ठ्या नव्या. झाल्या सहा हजार खेपा. इंग्रजीत रन म्हणतात. मी खेप म्हणते, टँकरच्या खेपेवरून. नेटलोगोतच बिहेवियरस्पेस नावाची सोय आहे, ती हे सगळं एकामागून एक चालवते आणि एका सीएसव्ही फाईलमध्ये ओतते. कॉलेजच्या लॅबमधल्या कॉम्प्युटरला दोन रात्री लागल्या.

आता खेपेमागे २४० महिने आणि सुरुवातीची एक ओळ, म्हणजे २४१ ओळी. सहा हजारांना गुणा. १४ लाख ४६ हजार. हा गुणाकार तेव्हा मी केला नाही. करायला हवा होता.

फाईल एक्सेलमध्ये उघडली तर त्यानं हात वर केले. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, त्याच्या पुढचं ते सोडून देतं आणि फाईल पूर्ण उघडली नाही असं बजावतं. माझ्या फाईलमध्ये साडेअकरा लाखांच्या आसपास ओळी होत्या. एक्सेलला जड जातंय एवढंच मी त्यातून घेतलं, आणि दुसरं अवजार शोधायला लागले.

मिळालं नाही म्हणून स्वतः केलं. आर या आकडेमोडीच्या प्रोग्रॅमिंग भाषेत शायनी नावाचं पॅकेज आहे, २०१२ मध्ये आलेलं. त्यात वेब पानावर स्लायडर, बटणं, याद्या मांडता येतात आणि मागं आर आकडेमोड करत राहतं. त्याची गंमत अशी की तुम्ही एक स्लायडर हलवला की त्याच्यावर जे जे अवलंबून आहे तेवढंच पुन्हा मोजलं जातं, बाकीचं जागच्या जागी राहतं. आडव्या अक्षावर काय घ्यायचं, उभ्यावर काय, कशानं वेगळे रंग द्यायचे, कशानं छोटे छोटे आलेख पाडायचे, शंभर खेपांचं सार कसं काढायचं, सरासरी की मध्यक की नुसता पट्टा, हे सगळं माउसच्या टोकावर. आधी प्रत्येक आलेखासाठी वेगळा कोड लिहायचे आणि दिवसाला तीन आलेख व्हायचे. आता मिनिटाला दहा. एखाद्या नव्या शेतकऱ्याला ठिबक मिळाल्यावर व्हावं तसं झालं मला, उगाच रात्री उठून चालू करून बघायचं.

पहिला आलेख मात्र असा आला की मी घाबरले. रेघ करवतीच्या दातांसारखी वरखाली वरखाली. खोट्या गावातल्या विहिरी दर महिन्याला कोरड्या पडून पुन्हा तुडुंब भरत होत्या. दोन दिवस मी मॉडेल तपासलं, पाऊस तपासला, कासवांचे नियम तपासले. दोष तिथं नव्हताच. कॉम्प्युटर एकाच वेळी आठ खेपा चालवत होता आणि ज्या खेपेची ओळ आधी तयार होईल ती आधी फाईलमध्ये टाकत होता. म्हणजे तिसऱ्या खेपेच्या पाचव्या महिन्याशेजारी सातव्या खेपेचा चौथा महिना. बाजारात आठ घरची मेंढरं एका कळपात मिसळावीत तशी. आणि मी खेपेचा क्रमांक न सांगताच 'या ठिपक्यांमधून रेघ ओढ' असं सांगितलं होतं. त्यानं इमानदारीनं ओढली. शिवाय त्या फाईलच्या पहिल्या सहा ओळी मथळ्याच्या असतात, त्या वगळायच्या असतात. तेही मी ठेच लागल्यावर शिकले.

हे सगळं निस्तरल्यावर जी रेघ आली ती फार देखणी होती. ४८ वरून हळूहळू उतरत बाराव्या वर्षाच्या सुमाराला २४ पर्यंत खाली, आणि तिथून अलगद वर वळत विसाव्या वर्षी ३३. देखण्या रेघेवर कोणी संशय घेत नाही.

तात्यांनी घेतला.

लाईट आल्यावर आईनं चहा टाकला. मी लॅपटॉप चार्जिंगला लावून त्याच रेघेच्या मागची मूळ खेपांची यादी काढली, कारण ती सोय मी अवजारात ठेवली होती आणि दोन महिन्यांत एकदाही वापरली नव्हती. विहिरींमधलं अंतर १५० मीटर, मोसंबी मध्यम, कर्ज मध्यम. या प्रकारच्या शंभर खेपा. विसाव्या वर्षाच्या शेवटच्या महिन्याच्या ओळी किती, तर ५३.

बाकीच्या ४७ कुठं गेल्या?

त्या आधीच थांबल्या होत्या. मॉडेल लिहिताना, पहिल्याच वर्षी कधीतरी, मी एक सोय करून ठेवली होती: सगळ्या विहिरी सलग चोवीस महिने कोरड्या राहिल्या तर खेप बंद करायची. कॉम्प्युटरचा वेळ कशाला वाया घालवायचा, एवढाच विचार. खेप बंद झाली की तिच्या पुढच्या ओळी फाईलमध्ये येत नाहीत. ओळ नाही म्हणजे सरासरीत ती नाही. अठराव्या वर्षाची सरासरी मी अठराव्या वर्षापर्यंत टिकलेल्या गावांचीच काढत होते. जसजशी मेलेली गावं यादीतून गळत गेली तसतशी उरलेल्यांची सरासरी वर चढत गेली. सावरलं कोणीच नव्हतं.

साडेअकरा लाख ओळी आणि चौदा लाख ४६ हजार, यांच्यातली जी तफावत होती ती म्हणजे हीच गावं. पहिल्याच दिवशी एक्सेलनं ती माझ्यासमोर आणून ठेवली होती.

मी तात्यांना हे समजावून सांगायला लागले. खेपा, थांबणं, सरासरी. त्यांनी मधेच तोडलं. "म्हंजे जालन्याच्या मार्केटात मोसंबीवाल्यांना इचारल्यासारखं झालं. झाडाला किती माल निघाला? सगळे चांगलंच सांगतेत. ज्याची बाग जळाली तो तिथं येईलच कशाला?"

२०१२-१३ च्या दुष्काळात आमची बाग गेली. साडेतीनशे झाडं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मार्चपर्यंत टँकरनं पाणी घातलं, एकेका झाडाला बादलीनं. मग एके दिवशी टँकर परत पाठवला. जालना जिल्ह्यात त्या वर्षी अशा किती बागा सरपणाला गेल्या. त्यानंतर मोसंबीचं हेक्टरी उत्पादन कोणी विचारलं तर त्यात आमच्या शेताची नोंद शून्य म्हणून होत नाही. होतच नाही. आमच्या सातबाऱ्यावर आता कापूस आणि सोयाबीन आहे. मी या घरात वाढले, ती झाडं तोडताना कुऱ्हाडीचा आवाज ऐकला, आणि तीच चूक स्वतःच्या हातानं लिहिलेल्या चाळीस ओळींच्या कोडमध्ये मला दिसली नाही. वर्गात दरवर्षी मी अँस्कोम्ब या संख्याशास्त्रज्ञाची चार कोष्टकं शिकवते. १९७३ ची आहेत: प्रत्येकात अकरा जोड्या, चारींची सरासरी सारखी, सहसंबंध सारखा, आणि आलेख काढला की चार वेगवेगळी चित्रं. मुलं आ वासून बघतात. 'आकड्यांवर जाऊ नका, चित्र बघा,' असं मी सांगते. पण चित्र बघूनच तर मी फसले होते.

त्या रात्री दुरुस्ती केली. बंद पडलेल्या खेपेच्या पुढच्या सगळ्या महिन्यांत शून्य भरलं. हे बरोबरच आहे असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. खरं गाव दोन वर्षं कोरडं पडलं म्हणून कायमचं मरत नाही, तिसऱ्या वर्षी पाऊस झाला तर विहिरीला पाझर फुटतोच. पण तोवर मोटार विकलेली असते आणि पोरगा चाकण नाहीतर वाळूजच्या कंपनीत लागलेला असतो. म्हणून शून्य. आणि आलेखाखाली एक बारीक पट्टी जोडली: या महिन्यात शंभरातल्या किती खेपा अजून चालू आहेत. वरच्या रेघेकडं बघताना खालचा आकडा डोळ्यांत यावा. औषधांच्या चाचण्यांच्या आलेखांखाली अशी पट्टी असते, तिथून उचलली.

नवी रेघ उतरत गेली आणि शेवटी १७ वर सपाट झाली. सकाळी तात्यांना दाखवली, जरा ऐटीतच. आता तरी पटेल.

त्यांनी चष्मा लावला. "ही रेघ कोणाची?"

"सगळ्यांची. शंभर गावांची सरासरी."

"तसं नाही. यातलं सतरा विहिरीला पाणी असलेलं गाव कोणतं? ते दाखव."

मी शोधलं. नव्हतं. शंभरात एकही नव्हतं. ५३ गावांत २८ ते ३८ विहिरींना पाणी होतं आणि ४७ गावांत एकाही विहिरीला नव्हतं. सतरा हा आकडा कुठल्याच गावानं पाहिला नव्हता.

सरासरीच्या जागी मध्यक घेऊन पाहिला. २९ आला. छान वाटला, पण तीन-चार खेपा या बाजूच्या त्या बाजूला गेल्या असत्या तर तोच मध्यक थेट शून्यावर कोसळला असता. मग रेघेभोवती सावलीसारखा पट्टा काढतात तो काढला, दहा टक्क्यांपासून नव्वद टक्क्यांपर्यंतचा. शून्यापासून ३६ पर्यंत सगळा आलेखच निळा झाला. काहीही होऊ शकतं, एवढंच तो पट्टा सांगत होता, आणि ते तर पारावर बसलेला कोणीही सांगेल. वर त्या पट्ट्याचा मधला भाग सगळ्यांत भरीव दिसतो, जिथं खरं म्हणजे कोणीच नाही.

शेवटी सार काढायचं बटणच बंद केलं आणि शंभरच्या शंभर रेघा फिक्या रंगात एकमेकींवर टाकल्या. अशा आलेखाला तिकडं स्पॅघेटीवरून नाव आहे. आई मागून बघत होती, ती म्हणाली, "शेवया वाळत घातल्यात का?" अगदी तशाच. बाजेवर टाकलेल्या शेवया वाऱ्यानं सरकून दोन बाजूंना गोळा व्हाव्यात तशा. सातव्या-आठव्या वर्षापर्यंत सगळ्या एकत्र, मग मधे फट पडायला लागते, आणि बाराव्या वर्षानंतर मधली जागा स्वच्छ. मी अवजारात एक उभी दोरी जोडली. ती माउसनं आडवी ओढायची, आणि ती ज्या महिन्यावर असेल त्या महिन्यातली शंभर गावं उजव्या कडेला ठिपके होऊन उभी राहतात. तात्यांनी ती दोरी पहिल्या वर्षापासून ओढत नेली, फार सावकाश, जुन्या रेडिओचं स्टेशन लावल्यासारखी. ठिपक्यांचा एक गठ्ठा लांबला, मधे बारीक झाला, तुटला. त्यांनी दोरी मागं नेली, पुन्हा पुढं आणली. तुटायची जागा त्यांना नेमकी हवी होती.

"याचं आन् याचं सगळं सारखंच होतं म्हणतीस. मग हे जगलं आन् ते मेलं, कशानं?"

हा प्रश्न सरासरीच्या रेघेला विचारताच येत नाही. विचारायला दोन गावं लागतात. मी एक वरची शेवई आणि एक खालची शेवई क्लिक केली आणि दोन्ही खेपा महिन्या-महिन्यानं उघडल्या. प्रत्येक खेपेची चिठ्ठी काढणारा बीजांक फाईलमध्ये जपलेला असतो, त्यामुळे तीच खेप हुबेहूब पुन्हा चालवता येते. वीस वर्षांचा एकूण पाऊस दोन्हीकडं जवळजवळ सारखा होता. वाईट वर्षंही सारखीच, पाच-पाच. वरच्या गावात ती विखुरलेली होती. खालच्या गावात चौथं आणि पाचवं वर्ष लागोपाठ कोरडं गेलं. पहिल्या कोरड्या वर्षात नऊ जण खोल गेले, दुसऱ्यात त्यांच्यामुळे आटलेले बावीस. नंतर चांगला पाऊस झाला, पण तोवर कर्जाचे हप्ते सुरू झाले होते, आणि हप्ते फेडायला मोसंबी.

"दुष्काळाला जोड लागली," तात्या म्हणाले. "एकटा दुष्काळ माणूस काढतो."

आमच्या लोकांना सरासरीचा हा राग नवा नाही. आमचं आयुष्यच कोणीतरी काढलेल्या सारावर चालतं. महसूल मंडळाच्या गावी पर्जन्यमापक असतो. चोवीस तासांत त्यात ६५ मिलिमीटरच्या वर पडला तर मंडळात अतिवृष्टी, नाहीतर नाही. आमचं गाव मंडळापासून नऊ किलोमीटर, मधे टेकडी. आमच्या ओढ्यानं बांध फोडलेत आणि मंडळात रस्तासुद्धा ओला नाही, असं किती वेळा झालंय. पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं त्याचा सरकारी अंदाज, पन्नासच्या खाली की वर, यावर गाव दुष्काळी आहे की नाही ते बरीच वर्षं ठरायचं. पीक विम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगांतून निघणाऱ्या सरासरी उत्पादनावर. मी संख्याशास्त्राची मास्तरीण आहे, सार काढल्याशिवाय कारभार चालत नाही हे मला माहीत आहे. तलाठ्यानं प्रत्येक बांधावर जाऊन शंभर शेवया काढाव्यात असं कोण म्हणेल? पण मंडळाच्या आकड्यातून कोणाला आपल्या बांधापर्यंत परत यायचं असेल तर तशी वाट नाही. अर्ज करता येतो.

कार्यशाळेतल्या ज्या लोकांपुढं मी ती चढती रेघ दाखवली होती, त्यांना दुरुस्त आलेख पाठवला. माफीही मागितली. एका भल्या गृहस्थांचा फोन आला. शेवया त्यांना आवडल्या नव्हत्या. "मॅडम, एक स्लाईड, एक रेघ असं काही होईल का? वर दाखवायचंय." मी म्हटलं, दोन रेघा होतील. एक ३३ वर आणि एक शून्यावर, आणि प्रत्येकीवर किती गावं ते लिहून. ते म्हणाले, बघतो.

या अवजाराचं एक वाईट लक्षणही मला कळलंय, ते सांगून टाकते. स्लायडर इतके हलके आहेत की मनासारखं चित्र येईपर्यंत हलवत राहावंसं वाटतं. मोसंबी थोडी कमी करून बघू, कर्ज थोडं घट्ट करून बघू, अरे वा, आलं बघ. साठ प्रकारांत हवा तो निष्कर्ष सांगणारा एखादा आलेख असतोच. पूर्वी एका आलेखाला दोन तास लागायचे तेव्हा आधी विचार करावा लागायचा. आता मी कागदावर आधी अंदाज लिहून ठेवते, तारीख घालून, आणि मगच अवजार उघडते. बहुतेक वेळा चुकते.

तिसऱ्या दिवशी मी निघायची होते. तात्या सकाळी शेतातून आले आणि मी बॅग भरत होते तिथं येऊन उभे राहिले. त्यांना माझ्या कासवांचे नियम ऐकायचे होते, सगळे. मी वाचून दाखवले. शेजाऱ्याच्या बोअरला पाणी लागलं तर आपण मारायचा, शेजारी म्हणजे १५० मीटरच्या आतला, इथं त्यांनी हात वर केला.

"हे चूक हाय. पाणी लागलं का नाही ते मागून कळतंय. आधी गाडीचा आवाज येतो."

बोअरची गाडी. आमच्याकडं येतात त्यांतल्या बऱ्याच तमिळनाडूच्या पाटीच्या, तिरुचेंगोडहून आलेल्या. रात्री चालू झाली की कंप्रेसरचा आवाज दोन शिवारं ओलांडून जातो. सगळं गाव अंथरुणात पडून ऐकत असतं, कोणाच्या रानात चाललीय, किती वेळ झाला, थांबली का. आणि सकाळी गाडी परत जायच्या आत तीन जण तिच्यापाशी उभे असतात. गाडी आलीच आहे, पुन्हा बोलवायची तर चार दिवस लागतील, रेटही वाढेल, आज पैसे नसले तरी तो ओळखीवर मारून देतो. "गाडी एकदा गावात शिरली का चार पॉइंट घेतल्याबिगर भाईर जात नाही," तात्या म्हणाले. "मी तिसरा बोअर मारला तेव्हा माझ्या विहिरीला पाणी होतं, बाई. आवाजानं मारला."

हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. अण्णांनाही सांगितलं असेल असं वाटत नाही. तो बोअर आमच्या जुन्या विहिरीपासून फार तर साठ पावलांवर आहे.

संभाजीनगरला आल्यावर नियम बदलला. कासवं आता दीड किलोमीटरपर्यंत ऐकतात, आणि गाडी गावात असली की त्या महिन्यापुरता बोअरचा खर्च कमी होतो. बाकी काही हलवलं नाही. अंदाज कागदावर लिहिला. शुक्रवारी संध्याकाळी लॅबमध्ये सहा हजार खेपा लावून घरी आले.

सोमवारी फाईल तयार होती. या वेळी अवजार उघडण्याआधी ओळी मोजल्या. नऊ लाखांच्या थोड्या वर भरल्या. आता ती एक्सेलमध्येही मावत होती.